मनस्विनीनं आणलेली लाइन

मनस्विनीला मत्सरी म्हणायची सोय नव्हती. कुणी चुकून तसं सुचवलंच तर ती म्हणायची, "मी काय कुणाचा हेवा करायचा? मला काय कमी आहे?" आणि मग आपल्याला काय काय कमी नाही हे सांगता सांगता ती हमखास दुसऱ्याकडे काय जास्त आहे तिथं येऊन पोहोचायची. धाकट्या जावेचा मिक्सर, वरच्या मजल्यावरच्या बाईंची बाल्कनी, सख्ख्या बहिणीचे गुडघ्यापर्यंतचे केस. या सगळ्यांचं तिला तोंडभर कौतुक होतं, आणि कौतुक करून झालं की तिचं डोकं दुखायचं.

तिचं माहेर आणि सासर दोन्ही बेंगळूरच्या बसवनगुडीत, चालत जाण्याच्या अंतरावर. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या कचेरीत लिहिण्यावाचण्याच्या कामाला आलेली ही मराठी घराणी इथेच राहिली. घरात मराठी, दारात कन्नड. घरातलं मराठीसुद्धा असं, की पुण्याच्या माणसानं आधी हसावं आणि मग तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणून विचारावं. मनस्विनीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, कारण पुण्याचं माणूस तिच्या आयुष्यात आलंच नव्हतं.

नोकरी डॉक्टर शरच्चंद्रांच्या तपासणी केंद्रात. एक्सरे आणि स्कॅन काढायचं केंद्र. ती तिथं टेलिफोनवर बसायला म्हणून लागली. कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या बायका घाबरल्या, ही शिकली. डॉक्टरांनी यशवंतपूरला कारखान्यांच्या वस्तीत दुसरी शाखा काढली, तेव्हा तिथल्या तारा, यंत्रं आणि राउटर हिच्या ताब्यात दिले. गोष्ट दोन हजार चार-पाच सालची. जलद इंटरनेट तेव्हा अजून गल्लोगल्ली आलं नव्हतं. यशवंतपूरला काढलेलं स्कॅन बसवनगुडीत डॉक्टरांच्या पडद्यावर पोहोचायचं ते आयएसडीएन लाइनीवरून. ही म्हणजे डिजिटल टेलिफोनची लाइन. इकडच्या राउटरनं तिकडच्या नंबराला फोन लावायचा, तिकडच्यानं उचलायचा, आणि बोलण्याऐवजी चित्रं जायची. एक स्कॅन जाईस्तोवर डॉक्टरांची कॉफी पिऊन व्हायची, पेपर वाचून व्हायचा, आणि पेपरातल्या बातम्यांवर रागावूनही व्हायचं.

म्हणून दुसरी लाइन हवी होती. अर्ज केला तर उत्तर आलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जागा नाही, सहा महिने थांबा. आणि इथेच मनस्विनीचं खरं कसब होतं. यंत्रं काय, कुणीही शिकतं. पण यशवंतपूरचा लाइनमन नागराज तिला अक्का म्हणायचा. त्याच्या मुलीच्या लग्नात ती जरीचं लुगडं नेसून पहिल्या पंगतीला बसली होती, त्याच्या आईच्या मोतीबिंदूसाठी तिनं डॉक्टर शोधून दिला होता. तिनं त्याला नुसतं सांगितलं, "नागराजण्णा, एक लाइन पाहिजे." तो डोकं खाजवत म्हणाला, "आमच्याकडे जागा नाही अक्का. पण रुळांपलीकडच्या जुन्या एक्स्चेंजमधून एक ओढून देतो. कुठून आणली ते कुणाला सांगू नका."

ती लाइन आठवड्याच्या आत आली. कुठून आणली हे मनस्विनीनं कुणाला सांगितलं नाही. आणली हे मात्र तिनं सगळ्यांना सांगितलं, काहींना दोनदा. डॉक्टर म्हणाले, "मनस्विनी आहे म्हणून हे केंद्र चालतंय की." हे वाक्य तिनं घरी जाऊन सासूबाईंना ऐकवलं. सासूबाई, म्हणजे कृष्णाबाई, शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मग पगार वाढवला का?"

ती लाइन काही दिवस वेगळीच पडून होती, बिलांच्या कॉम्प्युटरला जोडलेली. मग केंद्रात राउटरच्या कामाला शाल्मली आली.

शाल्मली पुण्याची. नुकतंच लग्न झालेली, नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, घरही तिकडेच भाड्याचं. ती रोज दोन बस बदलून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायची आणि तरी सकाळी अशी दिसायची, की जणू आत्ताच कुणी इस्त्री करून ठेवलं आहे. मनस्विनी बसवनगुडीहून येऊनही घामाघूम व्हायची. हे पहिलं खुपलं.

दुसरं अगदी पहिल्याच दिवशी दुपारी. मनस्विनी म्हणाली, "स्वल्प थांब हं, मी जेवून येतो."

शाल्मली हसली. वाईट नाही हसली, पण हसली. "येतो? मॅडम, येते म्हणायचं ना! ऍक्च्युअली किती क्यूट बोलता तुम्ही."

मनस्विनीच्या घरात आजी, आई, आत्या, मावशी सगळ्या 'येतो' म्हणतच आल्या आणि गेल्या होत्या. त्या दिवशी तिच्या डब्यातला चिंचेचा पुळियोगरे भात तसाच राहिला. क्यूट! चाळिशी ओलांडलेल्या बाईला! आणि वर मॅडम. अक्का म्हणायला या पोरीची जीभ झडत होती का? केंद्रातला झाडूवालासुद्धा अक्का म्हणायचा.

तरी तिनं मोठ्या मनानं (हे तिचंच म्हणणं) गौरीच्या हळदीकुंकवाला शाल्मलीला घरी बोलावलं. तिथं जे झालं ते तिला जन्मात विसरता आलं नाही. ज्या कृष्णाबाईंनी लग्न झाल्यापासून सुनेच्या सारातल्या मिठापासून रांगोळीतल्या रेघेपर्यंत एकही गोष्ट धड आहे असं म्हटलं नव्हतं, त्या शाल्मलीच्या तोंडाकडे बघत बसल्या. "काय गोड बोलते गं ही! ऐकत बसावं असं मराठी." आणि ओटी भरताना त्यांनी कपाटातून तो जांभळा कांजीवरम खण काढला. तो खण मनस्विनीनं मनातल्या मनात केव्हाच शिवून घेतला होता. हिरव्या साडीवर. तो शाल्मलीच्या ओटीत पडलेला बघून तिनं हातातली प्रसादाची करंजी परत ताटात ठेवली.

शाल्मलीनं केंद्रात आल्यावर पहिलं काम केलं ते दोन लाइनी एकत्र बांधायचं. म्हणजे एकच चित्र, त्याचे तुकडे करायचे, अर्धे तुकडे एका लाइनीवरून, अर्धे दुसरीवरून, आणि पलीकडच्या राउटरनं ते जोडून घ्यायचे. पहिला एक्सरे निम्म्या वेळात गेला. डॉक्टरांनी बसवनगुडीहून फोन करून शाबासकी दिली. दुसरी लाइन आणली कुणी, हे त्या फोनमध्ये आलं नाही. मनस्विनी शेजारीच उभी होती. तिनं वाट बघितली. फोन ठेवला गेला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलं की ते इलेक्ट्रॉनिक सिटीत तिसरी शाखा काढणार, आणि तिन्ही शाखांच्या लाइनी एकाच माणसाच्या हाताखाली देणार. शाल्मलीला ती जागा हवी होती, कारण मग तिचा रोजचा दोन बसचा प्रवास वाचला असता. मनस्विनीला हवी होती, कारण ती जागा तिचीच होती. टेलिफोनच्या खुर्चीपासून इथवर ती स्वतःच्या पायांनी चालत आली होती. आता शेवटच्या पायरीवर कुणी पुण्याहून येऊन बसावं?

आणि तेवढ्यात गळती सुरू झाली.

एक्सरे लहान असतात, ते निभावले. पण स्कॅनची मोठी चित्रं एकामागून एक जायला लागल्यावर ती मध्येच अडकायला लागली. तुकडे निघत, पण पोहोचत नसत. न पोहोचलेलं पुन्हा पाठवावं लागे, त्यात मागचं तुंबे. दोन लाइनी असून एका लाइनीपेक्षा सावकाश काम. शाल्मली काळ्या पडद्यासमोर बसून माहितीचे गठ्ठे, म्हणजे मोठमोठी पॅकेटं, पाठवून बघायची. शंभर पाठवली तर सात-आठ हरवलेली.

खरं सांगायचं तर मनस्विनीला आनंद झाला. तो तिनं चेहऱ्यावर येऊ दिला नाही, पण त्या आठवड्यात ती घरी गुणगुणत भाजी चिरताना सापडली. "मी कशाला बोलू," ती नवऱ्याला म्हणाली, "पण माझ्या हातात होतं तेव्हा एक चित्र अडकलं नाही. सावकाश जायचं, पण जायचं. आता बांधा मोळ्या!"

मग एके दिवशी लेथवर काम करणारा एक माणूस डोक्याला मार लागून आला. स्कॅन काढलं, पाठवलं, अडकलं. परत पाठवलं, परत अडकलं. त्याची बायको बाकावर बसून प्रत्येक येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी डॉक्टर स्वतः रिक्षात बसून शहर ओलांडून यशवंतपूरला आले. सुदैवानं आत रक्तस्राव नव्हता, माणूस वाचला. डॉक्टरांनी त्याच्या बायकोशी शांतपणे बोलून घेतलं आणि मग राउटरच्या खोलीत येऊन शाल्मलीवर जे तोंड सोडलं, ते बाहेरच्या रांगेनं ऐकलं.

"सोमवारपर्यंत वेळ देतो. नाही जमलं तर सुट्या करून टाक त्या लाइनी, आधी होतं तसं कर. आणि इलेक्ट्रॉनिक सिटीचं काम मनस्विनी बघेल."

मनस्विनी दारात उभी होती. तिला बाकावरची ती बाई आठवली आणि क्षणभर स्वतःची लाजही वाटली. पण क्षणभरच. 'मनस्विनी बघेल' हे दोन शब्द तिच्या कानात दिवसभर वाजत राहिले.

शाल्मली रडली नाही, हेही मनस्विनीला खटकलं. ती पाणी प्यायली आणि कामाला बसली. पहिली लाइन बंद केली, एकट्या दुसरीवरून पॅकेटं पाठवली. एकही हरवलं नाही. मग दुसरी बंद, एकटी पहिली. तीही स्वच्छ. दोन्ही जोडल्या की गळती. तिनं तारा बदलल्या, सॉकेट बदलले, सगळ्या सेटिंग्ज पुसून नव्यानं केल्या. मनस्विनी येताजाता विचारायची, "काय झालं का गं?" आणि नाही म्हटलं की "च्च" करायची. तो च्च इतका मायेचा असायचा, की शाल्मलीला खराच वाटायचा.

गुरुवारी दुपारी शाल्मली खुर्ची ओढून मनस्विनीच्या टेबलाशी आली. डोळे तारवटलेले, पण चेहरा उजळलेला.

"मॅडम, एक गंमत सापडली. आधी पहिली लाइन सुरू केली आणि मग दुसरी, तर चुका दुसरीवर दिसतात. आधी दुसरी आणि मग पहिली, तर चुका पहिलीवर. म्हणजे लाइन कुठलीच वाईट नाहीये. जी नंतर येते ती गळते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे घड्याळ. राउटर स्वतःचा ताल एका लाइनीवरून घेतो, जी आधी येते तिच्यावरून. दुसरी त्याच तालावर असेल तर प्रश्नच नाही. पण ती वेगळ्या एक्स्चेंजची असली, आणि त्या एक्स्चेंजचं घड्याळ इतकुसं जरी पुढेमागे असलं, तर मध्येच एखादा तुकडा निसटणार. आणि एक तुकडा गेला, की बाकीचे पोहोचले तरी अख्खं पॅकेट फेकून देतात." तिनं मनस्विनीकडे बघितलं. "आपल्या दोन्ही लाइनी एकाच एक्स्चेंजच्या आहेत ना? मला इथलं काही माहीत नाही. तुम्हीच आणल्यात म्हणून विचारते."

मनस्विनीच्या तोंडून उत्तर गेलं ते तिनं विचार करायच्या आधीच गेलं. "एकाच की. दुसरीकडून कशाला आणतो मी?"

"मग ते नाही," शाल्मली म्हणाली. तिनं एकदाही उलट विचारलं नाही. मनस्विनीचा शब्द तिला पुरला. खुर्ची परत नेऊन ती पुन्हा सेटिंग्ज पुसायला बसली.

मनस्विनी तशीच बसून राहिली. रुळांपलीकडचं जुनं एक्स्चेंज. ज्या लाइनीचा तोरा ती मिरवत फिरली, तीच. दोष शाल्मलीच्या मोळीत नव्हता, दोष नागराजनं अक्कासाठी म्हणून केलेल्या उपकारात होता. आणि ही पोरगी त्या उपकारापर्यंत येऊन, दारावर टकटक करून, 'इथं कुणी नाही' ऐकून परत गेली होती.

आता उठून सांगावं? सांगितलं तर शोध शाल्मलीचा आणि चूक मनस्विनीची. डॉक्टर म्हणणार, वा शाल्मली! सासूबाई म्हणणार, मला वाटलंच होतं! न सांगावं, तर सोमवारी लाइनी सुटणार आणि जागा आपली. पण शाल्मली गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. उद्या तिनं एक्स्चेंजमध्ये कुणाला तरी विचारलं तर?

संध्याकाळपर्यंत मनस्विनीला तिसरी वाट सुचली, आणि सुचल्यावर तिला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की मघाची घालमेल कुठच्या कुठे गेली. शनिवारी शाल्मलीची रजा होती, पुण्याहून सासू-सासरे येणार होते. शनिवारी नागराजनं गुपचूप ती लाइन इकडच्या एक्स्चेंजवर आणायची. इकडे मनस्विनीनं राउटरसमोर बसायचं, चार बटणं दाबायची, आणि डॉक्टरांना फोन करायचा, "बघा आता." नवा नंबर आला तरी फोन लावणारं टोक यशवंतपूरचंच, बसवनगुडीला कळायचं काही कारण नाही. गळती थांबवली कुणी? मनस्विनीनं.

नागराज तिला यशवंतपूरच्या मार्केटच्या फाटकाशी भेटला. कांद्याच्या पोत्यांच्या लॉऱ्या मागे मागे सरकत होत्या आणि तो रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या पेटीत डोकं घालून बसला होता. तिनं कन्नडमध्ये सगळं सांगितलं, म्हणजे सांगण्यासारखं तेवढं.

"आता जागा आहे अक्का," तो खूश होऊन म्हणाला. "एका कारखान्यानं लाइन सोडली. करतो की."

"शनिवारी दुपारी हं, अण्णा. शनिवारी."

"सरी, सरी," नागराज होकार देत म्हणाला.

शुक्रवारी डॉक्टरांनी मनस्विनीला बसवनगुडीला बोलावून घेतलं, तिसऱ्या शाखेचं बोलायला. तिला वाटलं, आता देवच आपल्या बाजूनं आहे. डॉक्टर पडद्यासमोर बसले होते, पडद्यावर एक स्कॅन अर्धवट येऊन थांबलं होतं. कॉफी आली.

"पोरगी हुशार आहे, डॉक्टर," मनस्विनी म्हणाली. पेला दोन्ही हातांत धरून, दुःखी आवाजात. "पण नुसत्या हुशारीनं काय होतंय? अनुभव पाहिजे. मी बघतो की रोज, हेच पुसायचं, तेच लिहायचं. मला तर तिची दया येते. तिच्यानं काही हे..."

पडदा हलला. थांबलेलं चित्र पुढे सरकलं आणि पूर्ण झालं. त्याच्या मागचं आलं. त्याच्याही मागचं. सकाळपासून तुंबलेली सगळी चित्रं एकेक करून येत गेली, कुठेही न अडखळता. डॉक्टरांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. मनस्विनीचा तोंडाशी तसाच राहिला.

डॉक्टरांनी यशवंतपूरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "शाल्मली! काय केलंस गं?"

"काहीच नाही सर," शाल्मलीचा गोंधळलेला आवाज आला. "दुसरी लाइन मध्येच डेड झाली, दहापंधरा मिनिटं. परत आली तेव्हा मी राउटर बंद करून सुरू केला, बस. आता एकही पॅकेट हरवत नाहीये. खरंच सांगते, मी काही केलं नाही. गळती का थांबली ते मला कळत नाहीये."

"ऐकलंस?" डॉक्टर फोनवर हात ठेवून मनस्विनीला म्हणाले. "याला म्हणतात विनय. आठवडाभर घासली आणि म्हणते काही केलं नाही."

मनस्विनीनं मान डोलावली. नागराजनं अक्काचं काम म्हणून एक दिवस आधीच करून टाकलं होतं. तो कधीच तिच्या कामाला उशीर करत नसे, हे तिनंच साऱ्या जगाला सांगितलं होतं.

ते दोन दिवस तिचे कसे गेले ते घरातल्या भांड्यांना विचारावं. शनिवारी ताट आपटलं, रविवारी डोशाचं पीठ नासलं. सगळ्यात जाचत होतं ते हे, की बोलायची सोय नव्हती. चोर शेजारी असेल तर ओरडता येतं. इथं तिनं आपल्याच हातानं आपला मान शाल्मलीच्या पदरात घातला होता, अगदी त्या जांभळ्या खणासारखा, आणि घेणाऱ्या बाईला कळलंसुद्धा नव्हतं.

सोमवारी डॉक्टर म्हैसूरपाक घेऊन यशवंतपूरला आले. सगळ्यांना राउटरच्या खोलीत बोलावून सांगितलं, तिन्ही शाखांच्या लाइनी आता शाल्मली बघणार. टाळ्या झाल्या. मनस्विनीनं सगळ्यांत जोरात वाजवल्या. शाल्मली म्हणाली, "सर, पण मी खरंच..." डॉक्टर म्हणाले, "पुरे गं," आणि पलीकडे एक्सरेच्या खोलीत गेले. लोक पांगले. दोघीच उरल्या.

आणि दारात नागराज उभा राहिला. घामेजलेला, खांद्याला तारेचं वेटोळं, तोंडभर हसू. अक्काला बरं वाटावं म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आलेला. त्यानं मोठ्या आवाजात कन्नडमध्ये सांगून टाकलं: लाइन जुन्या एक्स्चेंजवरून काढली अक्का, इकडच्या एक्स्चेंजवर आणली, शनिवारचं काम शुक्रवारीच करून टाकलं, आता बरी चालते ना?

शाल्मलीला कन्नड येत नव्हतं. तिनं मनस्विनीकडे बघितलं. "काय म्हणतायत ते?"

आयुष्यभर कन्नड मनस्विनीच्या उपयोगी पडत आलं होतं. आताही पडलं. "काही नाही गं," ती म्हणाली. "जवळून चालला होता, कॉफी मिळेल का म्हणतो."

शाल्मली नागराजकडे बघत राहिली, मग राउटरकडे, मग पुन्हा मनस्विनीकडे. लाइन, एक्स्चेंज, शुक्रवार. हे तीन शब्द कळायला कन्नड यावं लागत नाही. मनस्विनीला ते तिच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटताना दिसले. आणि शेवटी गुरुवारची ती ओढलेली खुर्ची, तो प्रश्न, आणि 'एकाच की' हे उत्तर, तेही दिसलं.

"अस्सं," शाल्मली म्हणाली. "मग कॉफी द्यायला हवी." ती उठली, नागराजला स्वतः खुर्ची दिली, आणि बाहेर पडून सरळ एक्सरेच्या खोलीकडे गेली. डॉक्टर होते तिकडे.

नागराज मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होता, मनस्विनीला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ती पाय न वाजवता व्हरांड्यात आली. दार अर्धं उघडं होतं.

"सर, एक विनंती होती," शाल्मलीचा आवाज. "इलेक्ट्रॉनिक सिटीच्या लाइनी आणायचं काम मनस्विनी अक्कांकडेच असू दे. लाइन कुठून येते, कशी येते, ते त्यांना माहीत असतं. मला नुसती बांधता येते."

"होय की," डॉक्टर म्हणाले. "ते तिचंच काम."

बस. आणखी काही नाही. शाल्मली बाहेर आली तेव्हा मनस्विनी व्हरांड्यात उभीच होती, लपायलाही सुचलं नव्हतं. शाल्मली थांबली नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "कॉफी सांगितलीये, अक्का. तिघांची."

ज्या शब्दासाठी मनस्विनी इतके महिने वाट बघत होती, तो दोनदा आला होता. तिला वाटलं, या पोरीनं सगळं सांगून टाकायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मग घरी जाऊन सांगता आलं असतं, बघा, कशी आहे ती! सासूबाईंना सांगता आलं असतं. रागावायला, नावं ठेवायला, रात्री कूस बदलत बोलायला काहीतरी हाती राहिलं असतं. तेवढंही तिनं ठेवलं नाही. चुका काढायला बसलं, तर आता एकच बाई सापडत होती. मिक्सर, बाल्कनी, केस, खण, खुर्ची, या सगळ्यांचा हेवा करून झाला होता. पण एखाद्या माणसाच्या गप्प बसण्याचा हेवा वाटतो, हे मनस्विनीला तोवर माहीत नव्हतं. तो सगळ्यांत जास्त जळजळला.

कॉफी आली. तिघांनी घेतली. नागराजनं दोन म्हैसूरपाक खाल्ले.

"अण्णा," मनस्विनी म्हणाली. कन्नडमध्येच, पण मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करून, शेजारी शाल्मलीच्या टेबलापर्यंत पोहोचतील असे. "इलेक्ट्रॉनिक सिटीला दोन लाइनी पाहिजेत. तुझ्या ओळखीचं कुणी असेल तर सांग."

"आठवड्यात आणून देतो अक्का! कुठूनही ओढू."

"नको," ती म्हणाली. "सहा महिने लागू देत. दोन्ही एकाच एक्स्चेंजमधून."

शेजारच्या टेबलावर कीबोर्डचा आवाज थांबला. मनस्विनीनं तिकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला, आणि तिनं उरलेली कॉफी गार झाली होती तरी पिऊन टाकली.